दात आंबतात? पेस्ट घेण्याआधी थोडे थांबा

पुण्यात थंडी पडू लागली की आम्हा दंतवैद्यांकडे एक तक्रार हमखास वाढते. सकाळी नळाच्या गार पाण्याने चूळ भरली की दातातून सणकन कळ जाते. काहींना गरम चहाचा पहिला घोट घेताना तोंड वाकडे करावे लागते, तर काहींना आइस्क्रीम, चिंचेचे सार, लिंबू सरबत यांचे नाव काढले तरी दात शिवशिवतात. एरवी चिंच-कैरी खाल्ल्यावर दात आंबतात, तो अनुभव प्रत्येकाला असतो आणि तो तासा-दोन तासांत ओसरतो. पण रोजच दात आंबू लागले की माणूस औषधाच्या दुकानात जातो आणि म्हणतो, "ती सेन्सिटिव्ह दातांची पेस्ट द्या." दुकानदार विचारतो, "कुठली?" समोरच्या फळीवर आठ-दहा प्रकार मांडलेले असतात आणि घोटाळा सुरू होतो.

काही दिवसांपूर्वी शनिवार पेठेतल्या एक निवृत्त शिक्षिका दवाखान्यात आल्या. त्यांनी पर्समधून एक पिशवी काढली आणि टेबलावर पाच अर्धवट ट्यूब मांडल्या. "डॉक्टर, यातली चांगली कुठली तेवढं सांगा. बाकीच्या देऊन टाकते." मी विचारले, "बाई, नेमकं दुखतं कुठे?" त्यांनी क्षणाचाही विचार न करता उजव्या बाजूच्या वरच्या एका दाढेवर बोट ठेवले. दीड वर्ष त्या एकाच दाढेला थंड लागत होते आणि दीड वर्ष त्या पेस्ट बदलत होत्या. एक्स-रे काढला, तर दाढ आणि शेजारचा दात यांच्यामधल्या फटीत, आरशात कधीच दिसणार नाही अशा जागी कीड लागलेली. ती नसेच्या अगदी जवळ पोचली होती. दीड वर्षापूर्वी साधे सिमेंट भरून काम भागले असते. आता रूट कॅनाल आणि वर कॅप. पाच ट्यूबचे पैसे गेले ते वेगळेच, पण त्यांच्या मानाने हा खर्च किती मोठा, हे ज्यांनी दाढेचे काम करून घेतले आहे त्यांना सांगायला नको.

म्हणून कुठली पेस्ट चांगली, या प्रश्नाच्या आधी एक प्रश्न येतो. तुमचे दात आंबतात ते कशामुळे?

दातात कळ येते कशी?

दाताच्या वरच्या भागावर एनॅमलचे कठीण आवरण असते. शरीरात याहून कठीण काही नाही आणि त्याला संवेदनाही नाही. त्याच्या आत डेन्टीनचा थर असतो. हा थर भरीव दिसला तरी त्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या हजारो सूक्ष्म नलिका असतात. त्यांची आतली तोंडे दाताच्या नसेकडे उघडतात आणि नलिकांमध्ये द्रव भरलेला असतो. बाहेरचे तोंड उघडे पडले की थंड पाणी, आंबट, गोड किंवा नुसती वाऱ्याची झुळूक लागली तरी हा द्रव हलतो. त्या हालचालीने नसेची टोके चाळवली जातात आणि कळ येते. स्वीडनचे दंतशास्त्रज्ञ ब्रॅनस्ट्रॉम यांनी १९६०च्या दशकात प्रयोग करून हे स्पष्टीकरण मांडले. आज जगभर तेच मान्य आहे.

नलिकांची तोंडे उघडी पडतात ती बहुधा हिरडीजवळ. हिरडी खाली सरकली की दाताचे मूळ उघडे पडते. मुळावर एनॅमल नसतेच, असतो तो अगदी पातळ थर, आणि तो ब्रशने सहज झिजतो. जोरात आणि आडवा ब्रश फिरवणाऱ्यांच्या दातांवर हिरडीलगत कुऱ्हाडीने टवका काढावा तशी खाच पडते. उजव्या हाताने ब्रश करणाऱ्यांच्या बहुधा डाव्या बाजूला ती जास्त खोल असते, कारण तिकडे हाताचा जोर अधिक लागतो. आरशासमोर उभे राहून ओठ बाजूला करून पाहा. नखाने चाचपडले तरी कळेल.

आपल्याकडे याला आणखी एक जुनी सवय कारणीभूत आहे. राखुंडी, विटकरीची पूड, खरखरीत लाल मंजन आणि मशेरी! ग्रामीण भागातच नव्हे, पुण्याच्या वस्त्यांमध्ये आणि पेठांतल्या जुन्या घरांतही मशेरी लावणाऱ्या बायका मला आजही भेटतात. "दात आंबतात म्हणून मशेरी लावते, बरं वाटतं," असे त्या सांगतात. तंबाखूने क्षणभर बधिरपणा येत असेल, पण दात झिजतात, हिरड्या सुटतात आणि कर्करोगाला आमंत्रण मिळते. पुणे जिल्ह्यातील लाखाहून अधिक ग्रामस्थांच्या तोंडाची तपासणी करून डॉ. फली मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ साली तोंडाच्या कर्करोगाविषयी जो अहवाल प्रसिद्ध केला, तो जगभर वाचला गेला. केंद्र सरकारने १९९२ मध्ये पेस्ट आणि मंजनात तंबाखू घालण्यास बंदी केली. घरी तव्यावर भाजलेल्या मशेरीला मात्र कोण बंदी घालणार? मशेरी चालू ठेवून महागडी पेस्ट वापरणे म्हणजे गळक्या हंड्यात पाणी भरणे आहे.

याशिवाय झोपेत दात खाण्याची सवय, सतत शीतपेये आणि लिंबाचे आंबट पिणे, आम्लपित्ताने वारंवार उलट्या होणे, हिरड्यांचा आजार, नुकतेच दात साफ करून घेणे, दाताला तडा जाणे अशी कारणे आहेत. दात साफ केल्यानंतरचे आंबणे आठ-पंधरा दिवसांत जाते, त्याची काळजी नको. तडा किंवा कीड असेल तर मात्र जगातली कुठलीही पेस्ट ती बुजवू शकत नाही.

ओळखायचे कसे? एक ढोबळ खूण सांगतो. अनेक दातांना, हिरडीजवळ, थंड किंवा आंबट लागले की क्षणभर कळ येते आणि थंड बाजूला होताच थांबते, तर पेस्टचा उपयोग होण्याचा संभव आहे. एकाच दाताला लागते, कळ मिनिट-मिनिट टिकते, गरमाने दुखते, चावताना दुखते किंवा रात्री आपोआप ठणका लागतो, तर दुकानात न जाता दंतवैद्याकडे जा.

पाकिटाचा पुढचा भाग नव्हे, मागचा वाचा

आता पेस्टकडे वळू. या पेस्टमध्ये काम करणारे घटक मोजकेच आहेत. सगळ्यांत सर्रास आढळणारा म्हणजे पोटॅशियम नायट्रेट. नाव अवघड वाटले तरी वस्तू जुनीच. फटाक्यांच्या दारूत पडतो तोच हा सोरा! दातांच्या कळेवर त्याचा उपयोग होतो, हे अमेरिकेतील दंतवैद्य मिल्टन होडोश यांनी १९७४ साली प्रसिद्ध केले. पेस्टमध्ये त्याचे प्रमाण सहसा ५ टक्के असते. तो नलिका बुजवत नाही. त्यातले पोटॅशियम नसेपर्यंत पोचून तिचा चळवळेपणा कमी करते, असे मानतात. त्यामुळे त्याचा गुण सावकाश, दोन ते चार आठवड्यांत येतो आणि वापर थांबवला की कळ परत येऊ शकते.

दुसरा गट नलिकांची तोंडे बंद करणाऱ्या घटकांचा. स्ट्रॉन्शियमचे क्षार, आर्जिनिन आणि कॅल्शियम कार्बोनेट ही जोडी, कॅल्शियम सोडियम फॉस्फोसिलिकेट, स्टॅनस फ्लोराइड ही नावे पाकिटाच्या मागे बारीक अक्षरांत सापडतील. चष्मा लावूनच दुकानात जावे. आर्जिनिनची पेस्ट बोटाने दुखऱ्या जागी मिनिटभर चोळली तर लगेच थोडा आराम पडतो, असे अभ्यास आहेत. पण तो आराम टिकवायचा तर रोजचा वापर हवाच.

गंमत अशी की एकाच कंपनीच्या, एकाच नावाच्या दोन ट्यूबमध्ये वेगवेगळे घटक असू शकतात. एका ट्यूबमध्ये सोरा, तर दुसऱ्या रंगाच्या ट्यूबमध्ये नलिका बुजवणारा घटक. उलट दोन निरनिराळ्या कंपन्यांच्या, दुप्पट फरकाच्या किमतीच्या ट्यूबमध्ये तोच ५ टक्के सोरा असतो. पैसे कशाचे द्यायचे? घटकाचे की जाहिरातीचे? सेन्सोडाइन हे नाव अमेरिकेत १९६१ पासूनचे आहे. आपल्याकडे ते मोठ्या जाहिरातींसह २०११ मध्ये आले. त्याआधीही पुण्यातले दंतवैद्य थर्मोसील, सेन्सोडेंट अशा औषधी दुकानात मिळणाऱ्या पेस्ट चिठ्ठीवर लिहून देत होते आणि रुग्णांना गुण येत होता. सदाशिव पेठेतल्या औषधांच्या घाऊक बाजारात जाऊन विचारा, अजूनही मिळतील.

जाहिरातींविषयी एक प्रकरण सांगण्याजोगे आहे. परदेशी दंतवैद्य पडद्यावर येऊन सेन्सोडाइनची शिफारस करत, त्या जाहिराती थांबवण्याचा आदेश केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने फेब्रुवारी २०२२ मध्ये दिला. भारतात व्यवसाय करणाऱ्या दंतवैद्यांना अशी जाहिरात करता येत नाही. मग परदेशी दंतवैद्याच्या तोंडून तेच वदवून नियमाला बगल देता येईल का, हा प्रश्न होता. पुढच्याच महिन्यात 'जगभरातील दंतवैद्यांची शिफारस' आणि 'जगातील पहिल्या क्रमांकाची पेस्ट' हे दावे दिशाभूल करणारे ठरवून प्राधिकरणाने १० लाख रुपयांचा दंड ठोठावला. कंपनीने पुराव्यादाखल दिलेली दोन सर्वेक्षणे भारतातल्याच दंतवैद्यांची होती, जगभरातल्या नव्हे! '६० सेकंदांत आराम' या दाव्याबद्दल औषध नियंत्रकांकडे विचारणा झाली, तेव्हा ही पेस्ट सौंदर्यप्रसाधनाच्या परवान्याखाली तयार होते, असे पुढे आले. ग्राहकाने हे ध्यानात ठेवावे. दुकानात औषधांच्या शेजारी ठेवलेली वस्तू परवान्याने औषध असतेच असे नाही. (पेस्ट औषध की प्रसाधन, हा वाद आपल्याकडे नवा नाही. विको वज्रदंतीवर कर कुठल्या दराने लावायचा यासाठी तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता आणि तिथे निकाल कंपनीच्या बाजूने लागला.)

याचा अर्थ ती पेस्ट वाईट असा नाही. ती अनेकांना उपयोगी पडते आणि मीही काहींना सांगतो. पण जाहिरातीतला आकडा पाहून निवड करू नये. आणखी एक गोष्ट कंपन्या सांगत नाहीत. या पेस्टच्या चाचण्यांमध्ये साधी पेस्ट वापरणाऱ्या गटाचीही कळ बरीच कमी झालेली आढळते. नियमित, हलक्या हाताने दात घासणे आणि आपल्याला उपाय मिळाला आहे ही भावना यांनीही फरक पडतो.

हिशेब ग्रॅमचा

पुणेकराला हिशेब शिकवायला नको. ग्राहक पंचायतीची चळवळ १९७४ मध्ये बिंदुमाधव जोशी यांनी याच शहरात सुरू केली. तरीही पेस्ट घेताना आपण ट्यूबची किंमत पाहतो, ग्रॅमचा दर पाहत नाही. पाकिटाचा आकार तर फसवाच असतो. समजा, एक ट्यूब ७० ग्रॅमची १४० रुपयांना आहे आणि दुसरी १०० ग्रॅमची १८० रुपयांना. पहिलीचा दर ग्रॅमला २ रुपये, दुसरीचा १ रुपया ८० पैसे. पाकीटबंद वस्तूंवर एका ग्रॅमचा दर छापण्याचा नियम २०२२ मध्ये आला आहे. छापील किमतीच्या आसपास बारीक अक्षरांत तो शोधा, म्हणजे तोंडी भागाकार नको. २२ सप्टेंबर २०२५ पासून टूथपेस्टवरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे, तेव्हा जुन्या भावाची आठवण धरून महागाईचा अंदाज करू नका.

इथे काटकसरीची एक चूक मी वारंवार पाहतो. महाग पेस्ट म्हणून लोक वाटाण्याएवढी घेतात. साध्या पेस्टला तेवढी पुरते. पण सोऱ्याच्या पेस्टसाठी अमेरिकेतला औषध नियम ब्रशवर किमान एक इंच लांबीची पेस्ट घ्या, दिवसातून दोनदा निदान मिनिटभर घासा, असे सांगतो. म्हणजे साधारण एका वेळी एक ग्रॅम, दिवसाला दोन. वरच्या हिशेबातली ७० ग्रॅमची ट्यूब एका माणसाला पाच आठवडे जाईल. तेवढ्यात गुण येतो की नाही हे कळतेही. म्हणून पहिल्यांदा 'दोनावर एक फुकट' असला मोठा गठ्ठा घेऊ नका. एक लहान ट्यूब घ्या, ती उघडाल तो दिवस तिच्यावर पेनाने लिहा आणि चार आठवडे नेमाने वापरा. त्याच अमेरिकन नियमात असेही म्हटले आहे की दंतवैद्याच्या सल्ल्याशिवाय चार आठवड्यांपुढे ही पेस्ट वापरू नये. पेस्ट अपायकारक आहे म्हणून नव्हे. न थांबणाऱ्या कळेमागे दुसरे काही दडलेले असू शकते म्हणून. आमच्या शिक्षिकाबाईंचे नेमके हेच झाले होते.

दुसरी उधळपट्टी म्हणजे एकाचे दात आंबतात म्हणून सगळ्या घराने तीच पेस्ट वापरणे. ज्याला त्रास नाही त्याला त्या घटकाचा काही उपयोग नाही. बारा वर्षांखालच्या मुलांना तर ती दंतवैद्याला विचारल्याशिवाय देऊच नये. मुलांचे दात सहसा असे आंबत नाहीत. आंबत असतील तर कारण वेगळे असते.

फ्लोराइडचे विसरू नका. ज्यांच्या हिरड्या खाली गेल्या आहेत, विशेषतः साठीच्या पुढच्यांना, उघड्या मुळांना कीड लवकर लागते. तिथे फ्लोराइड हाच खरा आधार. आपल्याकडे पेस्टमध्ये फ्लोराइड १००० पीपीएमपेक्षा जास्त असू नये आणि त्याचे प्रमाण ट्यूबवर व खोक्यावर छापावे, असा नियम आहे. अनेक वनस्पतीजन्य पेस्टमध्ये आणि संवेदनशील दातांसाठीच्या काही पेस्टमध्ये फ्लोराइड नसतेच. दोन पेस्ट सारख्या दराच्या असतील तर फ्लोराइडवाली घ्या. लवंगेच्या तेलाने दात बधिर होऊन बरे वाटते, पण तो आराम तेवढ्यापुरताच. आणि दात पांढरे शुभ्र करणाऱ्या किंवा कोळशाच्या पेस्टपासून आंबणाऱ्या दातांनी दूर राहावे. त्यांत घासणारी पूड बहुधा अधिक भरड असते. ती किती भरड आहे याचा आकडा पाकिटावर छापत नाहीत, म्हणून चवीने आणि बोटाने पाहावे. चिमटीत घेऊन चोळली आणि खरखरली, तर ती परत करावी.

पेस्टबरोबर ब्रश फुकट मिळत असेल तर तो मऊ आहे ना ते पाहा. कडक ब्रश फुकट मिळाला तरी महागच. ब्रश तीन बोटांत पेनासारखा धरला की जोर आपोआप कमी होतो. आंबट खाल्ल्यावर लगेच दात घासू नका. आम्लाने एनॅमल थोडे मऊ झालेले असते, अर्धा-पाऊण तास जाऊ द्या आणि तोवर साध्या पाण्याने चूळ भरा. उन्हाळ्यात रसवंतीवर उसाच्या रसात लिंबू पिळून घेणारे, दिवसभर लिंबूपाणी घोट-घोट पिणारे यांना हे आवर्जून सांगतो. रात्री पेस्ट वापरल्यावर फेस थुंकावा, पण पाच-सहा चुळा भरून सगळी पेस्ट धुऊन टाकू नये. विकत घेतलेले औषध तोंडात थोडे राहू तरी द्यावे!

चार आठवड्यांनंतर कळ कायम असेल तर तपासणी करून घ्यावी. खासगी दवाखान्याचा खर्च परवडत नसेल, तर धनकवडीचे भारती विद्यापीठाचे दंत महाविद्यालय, लष्कर भागातल्या आझम कॅम्पसमधील रंगूनवाला दंत महाविद्यालय, वडगावचे सिंहगड दंत महाविद्यालय इथे शिकाऊ डॉक्टर वरिष्ठांच्या देखरेखीखाली माफक दरात तपासतात. वेळ थोडा जास्त लागतो, एवढेच. खाच खोल असेल तर तिथे दाताच्या रंगाचे सिमेंट भरता येते, कमी असेल तर फ्लोराइडचे वार्निश लावता येते. झोपेत दात खाणाऱ्यांना रात्री घालायची प्लास्टिकची पट्टी करून देतात. यापैकी बरीच कामे वर्षभराच्या महाग पेस्टच्या हिशेबात बसू शकतात.

शिक्षिकाबाईंच्या दाढेचे काम तीन खेपांत झाले. पाच ट्यूबचे काय करायचे, हे त्यांनी जाताना पुन्हा विचारले. आम्ही टेबलावर ठेवून एकेक वाचल्या. दोन ट्यूबची मुदत संपली होती. दोन निरनिराळ्या नावांच्या ट्यूबमध्ये तोच ५ टक्के सोरा होता आणि त्यांतल्या एकीत फ्लोराइड नव्हते. पाचवी दात पांढरे करणारी निघाली, ती भाचीने दिली होती. बाईंच्या खालच्या पुढच्या दातांची हिरडी थोडी सरकली आहे, तिथे थंड लागते, म्हणून फ्लोराइड असलेली सोऱ्याची ट्यूब त्यांच्याकडे ठेवली आणि महिन्याने दाखवायला बोलावले आहे.